कोंबडी खाद्यात बीएसएफच्या अळ्या: सोयापेंडीला पर्याय म्हणून कुणी वापरल्यात का?

सुनंदा_ओतूर | २६ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.१०

नमस्कार मंडळी,

जुन्नर तालुक्यात माझ्या ३२० गावरान-क्रॉस कोंबड्या आहेत. बचत गटाच्या कर्जातून ५० पिल्लांवर सुरुवात केली होती. अंडी ओतूर-नारायणगावात घरोघरी जातात, थोडी पुण्याला. खाद्य घरीच बनवते. मक्याचा भरडा, सोयाबीनची डीओसी (तेल काढलेली) पेंड, राइस पॉलिश, शिंपल्याचा चुरा आणि मिनरल मिक्श्चर.

२०२१चा पावसाळा मी अजून विसरलेले नाही. पेंड किलोला शंभरीच्या घरात गेली होती. सरकारने ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम (जनुकं बदललेल्या सोयाबीनची) पेंड आयात करायला परवानगी दिली, पण तोवर मी ८० तलंगा विकून मोकळी झाले होते. अंड्यावर यायला जेमतेम पंधरा दिवस राहिले होते त्यांना. टेम्पोत डालगी चढवताना हात चालत नव्हता.

आज पेंड स्वस्त आहे, मान्य. पण एकाच पोत्यावर सगळा धंदा टांगलेला नको, असं तेव्हापासून मनात आहे.

गेल्या आठवड्यात खताचा खड्डा उकरताना फावड्याखाली अळ्यांचा थर लागला. चपट्या, मातकट, करंगळीच्या पेरापेक्षा थोड्या लांब. कोंबड्या फावड्याच्या पुढे पुढे! दाणे सोडून सगळ्या तिकडे. मुलाने फोटो काढून शोधलं, तर ब्लॅक सोल्जर फ्लाय म्हणजे बीएसएफच्या अळ्या निघाल्या.

विचारायचं ते असं: १) घरच्या घरी वाढवून पेंडीला पर्याय होतो का? २) अंड्याला वास येतो का? ३) माशा वाढून शेजाऱ्यांना त्रास होतो का? अळ्यांना घालायला म्हणाल तर जवळच दोन मंगल कार्यालयं आहेत आणि भाव पडला की टोमॅटो हवा तेवढा मिळतो.

---

बाप्पा_निफाड | २६ ऑक्टोबर, सकाळी ७.०२

मी दोन वर्षं केलं आणि बंद केलं. रात्री सविस्तर लिहितो.

---

मंजिरी_क | २६ ऑक्टोबर, सकाळी ८.४५

माझा भाऊ बीएसएफमध्ये आहे, राजस्थानच्या सीमेवर. शीर्षक वाचून काळजात धस्स झालं! आता त्याला धागा पाठवलाय. तो म्हणतो, "आमच्या नावाच्या अळीने काम चोखच करायला पाहिजे." :)

---

गुरांचा_डॉक्टर | २६ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

सुनंदाताई, निरीक्षण उत्तम. शेजाऱ्यांची भीती आधी घालवू. ही माशी घरमाशी नव्हे. अंगाने काळी, लांबट, पटकन बघितलं तर गांधीलमाशीच वाटेल. पायाची टोकं पांढरी आणि कमरेला दोन पारदर्शक खिडक्या. ती चावत नाही, स्वयंपाकघरात घुसत नाही, अन्नावर बसत नाही. प्रौढ माशी आठवडाभर जगते आणि अळी असताना साठवलेल्या चरबीवरच निभावते. शिवाय जिथे या अळ्या दाटीने असतात तिथे घरमाशी फारशी वाढत नाही.

आता खाद्याचं. सुकवलेल्या अळीत प्रथिनं साधारण ४० टक्के आणि चरबी ३० टक्क्यांच्या आसपास. अळीने काय खाल्लं त्यावर हे बदलतं. चरबी काढली तर प्रथिनं ५० ते ६० टक्क्यांपर्यंत जातात. डीओसी पेंडीत ४५ टक्के धरा. म्हणजे कागदावर जोडी जमते. पण चरबी काढायला घाणा किंवा प्रेस लागतो, आणि चरबीसकट दळलेली पूड उन्हाळ्यात लवकर खवट होते. घरच्या पातळीवर पूड करायच्या भानगडीत पडू नका.

मका-सोयाच्या खाद्यात पहिली टंचाई मिथिओनिन या अमिनो आम्लाची पडते. अळीने ती भरून निघत नाही, त्यामुळे मिथिओनिन बंद करू नका. अळीत कॅल्शियम भरपूर असतं, अंड्यावरच्या कोंबडीला चांगलंच, तरी शिंपला हवाच. लहान पिल्लांना मात्र फार अळी देऊ नका, जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं बिघडतात. बऱ्याच चाचण्यांत खाद्याच्या १० टक्क्यांपर्यंत सुकी अळी बिनधोक चालली आहे, प्रमाण फार वाढवलं तर वाढ मंदावते. दहाच्या आत राहा.

आणि हे कृपया लक्षात ठेवा: अळीला मटण-चिकनचं उष्टं, कोंबडीची विष्ठा, मेलेलं पिल्लू यातलं काहीही घालू नका. साल्मोनेला हा रोगजंतू अळीवाटे परत कोंबडीत येतो. कॅडमियमसारखे जड धातूही अळीच्या अंगात साठतात, म्हणून सांडपाण्याचा गाळ अजिबात नको. खात्री नसेल तर अळ्या उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं टाकून मगच द्या.

---

लातूरचा_शेतकरी | २६ ऑक्टोबर, दुपारी १.१५

धागा वाचून वाईट वाटलं. यंदा (२०२५ला) सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये आणि मी परवा ४,२००ने घालून आलो. आधी अतिवृष्टीत निम्मं रान पाण्याखाली. राहिलेलं काढलं तर व्यापारी ओलावा दाखवतो. त्यात इथेनॉल कारखान्यांचा मक्याचा चोथा, ते डीडीजीएस, पोल्ट्रीवाले घेतात म्हणून पेंडीला उठाव नाही. आणि आता तुम्ही अळ्या आणताय. सोयाबीन पिकवणाऱ्याने जायचं कुठे?

---

सुनंदा_ओतूर | २६ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

दादा, तुमचं दुखणं कळतं. माझं माहेर अंबाजोगाईकडचं, तिथे भावाचंही सोयाबीनच आहे. मला पेंड बंद करायची नाही, आणि माझ्या ३२० पक्ष्यांनी बंद केली तरी बाजाराला पत्ता लागणार नाही. पण २०२१ला सोयाबीन दहा हजारांवर गेलं तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल नव्हता. मी शंभर रुपयांनी घेतलेल्या पेंडीतले किती रुपये तुमच्यापर्यंत पोचले? भाव चढला की मी मरते, पडला की तुम्ही. आपण दोघंही एकाच पोत्याला बांधलेलो आहोत.

---

लातूरचा_शेतकरी | २६ ऑक्टोबर, दुपारी ४.०५

हे मात्र खरं आहे ताई. आम्ही फेब्रुवारीतच विकून बसलो होतो.

---

बाप्पा_निफाड | २६ ऑक्टोबर, रात्री ९.५०

आता सविस्तर.

२०० लिटरचं प्लास्टिकचं पिंप उभं कापून दोन आडव्या नावा केल्या. एका टोकाला ३५-४० अंशांची तिरपी फळी आणि फळीच्या वरच्या टोकाखाली बादली. अळी पूर्ण वाढली की काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत स्वतःच फळीवरून चढून बादलीत पडते. माणसाने वेचायची गरज नाही. पहाटे बॅटरी घेऊन गेलं की फळीवर काळी रांग लागलेली दिसायची आणि बादलीत तांदूळ पडल्यासारखा टपटप आवाज. पहिल्यांदा बघितलं तेव्हा बायकोलाही उठवून आणलं.

अंडी विकत घेऊ नका. माशी अन्नावर अंडी घालत नाही, अन्नाजवळच्या कोरड्या फटीत घालते. नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून पिंपाच्या वरच्या कडेला, ओल लागणार नाही अशा बांधा. दोन-चार दिवसांत नळ्यांत फिक्या पिवळ्या रंगाचे पुंजके दिसतील. एका पुंजक्यात पाचशेच्या आसपास अंडी. चार दिवसांत फुटतात आणि उबेत साधारण पंधरा-अठरा दिवसांत अळी तयार.

रोज २० किलो ओला कचरा जायचा. आमच्या नाशिककडच्या ओझरच्या एका खाणावळीचा भात-पोळी-भाजी आणि घरचा भाजीपाला. ताजी अळी तीन-साडेतीन किलो निघायची. कांद्याची टरफलं तशीच राहायची, ती घालू नका.

आता का बंद केलं ते. पहिलं कारण थंडी. निफाडचा पारा जानेवारीत चार-पाचावर येतो हे तुम्ही बातम्यांत वाचताच. माशीला मीलनाला ऊब आणि लख्ख ऊन दोन्ही लागतं. डिसेंबरपासून पट्ट्या रिकाम्या, असलेल्या अळ्या गारठून निपचित. दोन्ही वर्षी वसाहत बसली आणि मार्चात नव्याने सुरुवात करावी लागली.

दुसरं कारण पाऊस. एका रात्री पिंपात पाणी गेलं. आत चिखल झाला की अळ्या लहान-मोठ्या न बघता सगळ्या बाहेर निघतात. सकाळी ओटा, पायऱ्या, चपला, तुळशीवृंदावन, सगळीकडे अळ्या. त्या दिवशी घरी पाहुणे होते, मुलीला बघायला आलेले. लग्न जमलं, पण घरात मला बोलायला तोंड राहिलं नाही.

सुनंदाताई, म्हणूनच नुसता टोमॅटो घालू नका, सगळं पाणीच आहे. गव्हाचा कोंडा किंवा लाकडाचा भुसा मिसळा. मूठभर घेऊन दाबलं तर दोन-चार थेंब पडावेत, धार लागता कामा नये.

---

झाडीपट्टीकर | २७ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

यात नवीन काही नाही. ब्रह्मपुरीकडे आमची आजी पिल्लांसाठी उधई आणायची, तुम्ही वाळवी म्हणता ती. फुटक्या मडक्यात ओलं शेण, धानाचं तणस आणि जुन्या टोपलीचे तुकडे भरायचे. रात्री मडकं वारुळाजवळ पालथं घालायचं आणि पहाटे ऊन यायच्या आत उचलायचं. अंगणात झटकलं की खुडूक उठलेली कोंबडी पिल्लांना हाका मारून मारून खाऊ घालायची. खुडूक अंड्यांवरून उठली की पहिले पंधरा दिवस पिल्लांना उधई आणि कणी, एवढंच. पाकिटातलं खाद्य कुणी बघितलं होतं? आजी म्हणायची, "उधई खाल्लेलं पिल्लू घारीला सापडत नाही."

---

पंचगंगेकाठी | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.१२

+१ झाडीपट्टीकर. आमच्याकडे कोल्हापूर-सांगलीत उसाला हुमणी लागते. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की संध्याकाळी तिचे भुंगेरे कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. कृषी खातं दरवर्षी गोळा करून मारा म्हणून सांगतं. लोक रॉकेलच्या पाण्यात मारतात. मी फांद्या हलवून घोंगड्यावर पाडतो आणि घमेलंभर भुंगेरे कोंबड्यांना घालतो. नांगरणीत निघालेल्या हुमणीवर तर बगळे आणि कोंबड्यांची भांडणं होतात. ऊसही वाचतो, कोंबडीही पोसते.

---

गुरांचा_डॉक्टर | २७ ऑक्टोबर, दुपारी १२.००

पंचगंगेकाठी, फवारलेल्या झाडावरचे किंवा रॉकेलच्या सापळ्यातले भुंगेरे घालत नाही ना, तेवढं बघा.

विषय निघालाच आहे तर सांगतो. प्रत्येक किडा चांगला नसतो. घरमाशी, काही मुंग्या आणि शेणातले भुंगे यांच्या पोटातून कोंबडीला पट्टकृमी होतो. गांडुळातून टर्कीला ब्लॅकहेडचा आजार जातो, म्हणून टर्की पाळणाऱ्यांनी जास्त जपावं. शेडमधल्या तुसाच्या गादीत लहान काळे भुंगे होतात, ते मरेक्ससारख्या रोगांचे जंतू एका लॉटमधून पुढच्या लॉटमध्ये नेतात. कोंबडी ते आवडीने खाते म्हणून कौतुक करू नका, लॉट गेला की गादी काढून जागा कोरडी करा. सोल्जर फ्लायची वसाहत शेडपासून वेगळी, झाकलेली आणि आपण काय घालतो ते माहीत असलेली, हाच तिचा फायदा. मोकळ्या कोंबड्यांना वर्षातून तीन-चारदा जंतनाशक द्याच.

---

शाल्मली_पुणे | २७ ऑक्टोबर, दुपारी २.२५

आमच्या सोसायटीच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये याच अळ्या आहेत! तीन वर्षं मीठ आणि हळद टाकून मारतेय, कारण कुणीतरी किडे पडले म्हणून तक्रार केली होती. आता मनापासून वाईट वाटतंय.

एक शंका मात्र आहे. माझ्या सासूबाई अंडी खातात, पण "शाकाहारी खाद्यावरची" असं लिहिलेलीच. अळीवरचं अंडं त्यांना कसं सांगायचं?

---

झाडीपट्टीकर | २७ ऑक्टोबर, दुपारी ३.००

शाल्मलीताई, मोकळी कोंबडी दिवसभर उकिरड्यावर काय शोधते? सासूबाईंना सांगा, गावरान म्हणून जास्त पैसे देऊन जे खाता ते किडे खाल्लेलंच अंडं आहे.

---

सुनंदा_ओतूर | २७ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मी मात्र गिऱ्हाइकाला सांगूनच देईन. माझ्या दोन जैन ताई आहेत, घरातल्या मुलांसाठी अंडी नेतात. त्यांना आधी विचारणार. नको म्हणाल्या तर त्यांच्यासाठी वेगळ्या कप्प्यातल्या कोंबड्या. विश्वासावरच दाराशी उभी राहू देतात मला.

---

बिबट्याच्या_गावचा | २७ ऑक्टोबर, रात्री ८.१०

ताई, मी पिंपळवंडीचा, तुमच्या शेजारचाच. कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मंगल कार्यालयाचं खरकटं घरी आणलं की कुत्री येणार, आणि कुत्र्यांमागे बिबट्या. आपल्या तालुक्यात हे नवीन नाही. माझ्या चुलत्यांनी गोठ्याजवळ खरकट्याचा ढीग केला, आठ दिवसांत अंगणातून कुत्रं उचललं. मग बिबट्या रोज त्याच वेळेला यायला लागला, आणि घरात लहान पोरं. पिंप ठेवायचंच तर घरापासून लांब नको, पण जाळीच्या आत, झाकण लावून ठेवा. आणि अंधारात खरकटं हाताळू नका. हात जोडून सांगतो.

---

सुनंदा_ओतूर | २७ ऑक्टोबर, रात्री ८.३२

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. खूप आभार दादा. जाळीचं काम आधी करते.

---

अनघा_आइंडहोवन | २८ ऑक्टोबर, पहाटे १.४०

नेदरलँड्समधून लिहितेय, पशुखाद्याच्या क्षेत्रातच काम करते.

मॅड काऊ या गाईंच्या मेंदूच्या रोगाच्या साथीनंतर युरोपीय संघाने २००१मध्ये अन्न देणाऱ्या जनावरांना प्राणिज प्रथिनं घालायला बंदी केली. कीटकही त्यात आले. माशांच्या खाद्यासाठी २०१७मध्ये आणि कोंबड्या-डुकरांसाठी २०२१मध्ये कीटकांची पूड खुली झाली. पण इथे अळी कायद्याने पाळीव जनावर मानली जाते, त्यामुळे तिलाही जनावराचंच खाद्य द्यावं लागतं. हॉटेलचं उष्टं चालत नाही, शेण चालत नाही. कोंडा, भाजी कारखान्यातले अवशेष, बिअरचा चोथा असलंच द्यायचं. यातलं बरंचसं डुकराला, गाईला थेट घालता येतं. ते आधी अळीला, मग अळी कोंबडीला, वर वीज, शेड गरम ठेवणं आणि मजुरी. म्हणून इथली कीटकपूड सोयापेंडीच्या कितीतरी पट महाग पडते आणि बरीचशी कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात जाते. इथे बर्गन ऑप झोमला प्रोटिक्स या कीटकपूड कंपनीचा मोठा कारखाना २०१९मध्ये राजाच्या हस्ते सुरू झाला. फ्रान्सची इन्सेक्ट कंपनी मात्र अवाढव्य भांडवल उभं करूनही २०२५मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

पण एक गोष्ट मला मनापासून पटली आहे. इथे काही ठिकाणी अंड्यावरच्या कोंबड्यांना जिवंत अळ्या देतात. पोषणापेक्षा त्यांच्या वागणुकीसाठी. उकरणं, शोधणं, टिपणं यात कोंबडी गुंतली की एकमेकींची पिसं उपटणं कमी होतं. सुनंदाताईंच्या फावड्यापुढे धावणाऱ्या कोंबड्या वाचून मला तेच आठवलं.

---

मास्तर_गणिताचे | २८ ऑक्टोबर, सकाळी ७.५५

सगळ्यांनी छान लिहिलंय, मी फक्त हिशोब मांडतो.

३२० कोंबड्या, दर कोंबडी ११० ग्रॅम, म्हणजे रोज ३५ किलो खाद्य. डॉक्टरांच्या हिशोबाने १० टक्के सुकी अळी म्हणजे साडेतीन किलो. ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणी, म्हणजे ताजी साडेदहा किलो. बाप्पांचा अनुभव २० किलोला साडेतीन किलो, म्हणजे साधारण सहावा हिस्सा. तर रोज ६० किलोच्या वर ओला कचरा लागेल. आषाढी ते कार्तिकी लग्नं नसतात, तेव्हा मंगल कार्यालयातून काय आणणार?

आता बचत. साडेतीन किलो सुक्या अळीत १.४ किलो प्रथिनं. तेवढी पेंडीतून घ्यायला ३.१ किलो पेंड लागते. ४० रुपये भावाने सव्वाशे रुपये रोज. अळीच्या चरबीने थोडा मका वाचेल तो वेगळा. साठ किलो खरकटं वाहायचं, गाळायचं, पिंपं धुवायची, याची दिवसाची मजुरीच त्यापेक्षा जास्त आहे. पेंड शंभरला गेली तर मात्र हेच तीनशे दहा होतात.

ताई, सगळ्या कळपाचा नाद सोडा. पिल्लांचा एकच लॉट धरा. शंभर पिल्लांना आठ-दहा किलो कचऱ्यात भागेल, तेवढा घरचा आणि शेजारच्या दोन घरांचा होतो.

---

लातूरचा_शेतकरी | २८ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

मास्तर, हिशोब बघून जीव भांड्यात पडला.

---

कोषवाला_जालना | २८ ऑक्टोबर, सकाळी १०.४०

कीटकच घालायचा तर रेशीम अळीचा विचार करा. मी तुती लावून कोष काढतो, जालन्याच्या बाजारात विकतो. पूर्वी कर्नाटकातल्या रामनगरला न्यावे लागायचे. कोषातून धागा काढल्यावर आत उकडलेली प्युपा (कोषातली अळी) उरते. सुकवली की निम्म्याच्या वर प्रथिनं. कर्नाटकात रिलिंगवाल्यांकडून ही खाद्यासाठी कधीपासून जाते. अडचण अशी की तेल भरपूर, आणि चोवीस तासांत सुकली नाही तर जो वास सुटतो त्याला उपमा नाही. मी एकदा पोतंभर आणून कोंबड्यांना जरा हात मोकळा सोडून घातली. अंडं उकडल्यावर घरभर सुकटीसारखा वास आला, बायकोने पातेलंच बाहेर ठेवलं. तेल काढलेली आणि मोजून घातली तर चांगली, पण आपल्याकडे धागा काढणारे कमी, त्यामुळे माल सहज मिळत नाही.

---

सुनंदा_ओतूर | २८ ऑक्टोबर, रात्री ९.१५

मास्तर, कागद पुढे घेऊन दोनदा करून बघितलं, बरोबर आहे. साठ किलो माझ्याने व्हायचं नाही. पिल्लांवरच करते. निम्म्या पिल्लांना अळी, निम्म्यांना नेहमीचं, म्हणजे फरक कळेल. काय होईल ते इथेच लिहीन.

---

शाल्मली_पुणे | १४ मे, सकाळी ११.०५

धागा वर आणतेय. सुनंदाताई, पुढे काय झालं? आमच्या ड्रममध्ये मीठ टाकणं बंद केलंय. वॉचमनकाका अळ्या डब्यात भरून खडकवासल्याला त्यांच्या घरच्या कोंबड्यांना नेतात.

---

सुनंदा_ओतूर | १७ मे, रात्री ९.४०

उशीर झाला, माफ करा. मार्चपासून लिहायचं होतं.

नोव्हेंबरात पट्ट्या बांधल्या, अंडी मिळाली, पण डिसेंबरात बाप्पांनी सांगितलं तसंच झालं. सगळं थंड. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा पट्ट्या लावल्या आणि मार्चात ८० पिल्लांचे दोन भाग केले. तिसऱ्या आठवड्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत चाळीसजणांच्या खाद्यातली पेंड कमी करून रोज अर्धा किलो ताजी जिवंत अळी दिली. खरकटं आणलंच नाही. घरची आणि दोन शेजारणींची भाजीची देठं, शिळ्या पोळ्या, भात आणि गव्हाचा कोंडा. पिंप जाळीत, झाकणाला दगड. बिबट्या आला नाही, कुत्रंही फिरकलं नाही.

वजन: दहाव्या आठवड्याला प्रत्येक पिल्लू पिशवीत घालून ताणकाट्यावर तोललं. अळीवाल्यांची सरासरी चाळीस ग्रॅमनी जास्त. डॉक्टर म्हणतील हा फरक नसल्यात जमा, आणि मलाही तसंच वाटतं. पेंड वाचली आठ किलो, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे रुपये. मास्तरांचा हिशोब काट्यावर उतरला.

पण अनघाताईंचं म्हणणं मी डोळ्यांनी बघितलं. सहाव्या आठवड्यात पिसं बदलताना माझ्याकडे नेहमी टोचाटोची होते. एकाला रक्त दिसलं की सगळी त्याच्यावर. या वेळी बिनअळीच्या कप्प्यात सहा पिल्लं शेपटाजवळ फोडली, त्यातली दोन गेली. पलीकडे एकालाही टोच नाही. संध्याकाळी पाचला मी तुसात अळ्या विखरायचे, मग अंधार पडेपर्यंत चाळीस पिल्लं माना खाली घालून तूस उकरत असायची. दिवसभर आपसात खेटायचा जो वेळ असतो तोच त्यांना उरायचा नाही. आणखी एक, त्या कप्प्यातलं तूस खालवर होऊन कोरडं राहिलं, दुसरीकडे पाण्याच्या भांड्याजवळ गठ्ठे झाले होते.

वासाचं: अजून तलंगा अंड्यावर आलेल्या नाहीत, आल्या की उकडून बघून सांगते. जैन ताईंना विचारलं. एक म्हणाल्या, "कोंबडी आहे, ती खाणारच." दुसऱ्या नको म्हणाल्या. त्यांची अंडी वेगळ्या ट्रेमध्ये जातील.

पेंड मी घेतेच आहे, लातूरचे दादा. पण आता एक पिंप चालू असतं आणि पट्ट्या कशा लावायच्या ते माहीत आहे. २०२१सारखं पुन्हा झालं तर तलंगा विकायच्या आधी माझ्या हातात काहीतरी असेल.

---

गुरांचा_डॉक्टर | १७ मे, रात्री १०.२०

ताई, सुंदर नोंद. टोचाटोची थांबवायला लोक चोची भाजून काढतात, त्यामुळे तुमचं हे निरीक्षण मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एका चाचणीवर थांबू नका, पुढच्या लॉटला कप्पे अदलून करा. कोण जाणे, त्या कप्प्यात उजेडच जास्त पडत असेल.

---

सुनंदा_ओतूर | १७ मे, रात्री १०.३५

खरंच की, बिनअळीचा कप्पा पश्चिमेला आहे, दुपारी ऊन थेट आत येतं. पुढच्या लॉटला अदलते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पिल्लं येणार आहेत.

---

बाप्पा_निफाड | १८ मे, सकाळी ६.०५

रात्रभर हेच डोक्यात होतं. पिंपाच्या दोन्ही नावा अजून गोठ्यामागे पडून आहेत, सकाळी धुऊन काढल्या. या वेळी छपराखाली ठेवणार आणि फक्त पिल्लांपुरतं करणार, थंडीत खुशाल बंद. पाहुणा आता जावईच झालाय, त्यामुळे घरातून परवानगी आहे. रविवारी तुमच्या जुन्नरकडच्या ओझरच्या गणपतीला यायचंच आहे, तिथून पुढे तुमच्याकडे येतो. अंडी असलेल्या दोन पट्ट्या राखून ठेवाल का?

---

सुनंदा_ओतूर | १८ मे, सकाळी ६.२०

दोन कशाला, चार घेऊन जा. कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून अंडी खराब होतात. आणि जेवायलाच या.